इतर हक्कातलं नाव

ठाण्यातल्या बेने इस्राएल घरांमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांचा हंगाम. अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद इथून माणसं येतात. कुणी तीन आठवडे राहतं, कुणी दोन महिने. येताना बॅगांत खजूर आणि सुकामेवा, जाताना त्याच बॅगांत कोकम, पातळ पोहे आणि कडवे वाल. शेजारीपाजारी त्यांना ‘इस्राएलचे पाहुणे’ म्हणत असले तरी ती परकी नसतात. कुणाचा सख्खा भाऊ असतो, कुणाची चुलती, कुणाची नात.

ज्यांना हा समाज फारसा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अलिबागजवळच्या नवगावला फार पूर्वी एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी बेने इस्राएलांची परंपरा. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत ही मंडळी पांगली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्या गावात राहिले त्या गावावरून आडनावं पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, किहीमकर. अठराव्या शतकापासून मुंबईकडे ओढा सुरू झाला. इंग्रजी फौज, मग रेल्वे, इस्पितळं, कचेऱ्या. १९४८ च्या सुमारास इथे वीसेक हजार माणसं होती. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक इस्राएलला गेली. आता उरलीत चार-पाच हजार, त्यांतली पुष्कळशी ठाण्यात आणि मुंबईत.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळेच आत्या म्हणतात. यंदा त्यांच्याकडे त्यांचा खराखुरा भाचा आला, अश्दोदहून, सहकुटुंब : बायको, लष्करातली सक्तीची नोकरी नुकतीच संपवलेली मुलगी आणि शाळकरी मुलगा. भाच्याचा जन्म तिकडचा, वय साठीकडे झुकलेलं. मराठी आजीकडून आलेलं, त्यामुळे ‘आगगाडी’ आणि ‘दवाखाना’ हे शब्द त्याच्या तोंडी अजून सहज येतात. अलिबागची फेरी आटोपून मंडळी परतली त्या संध्याकाळी मी सहज वर गेलो होतो. बसलो तो उठलोच नाही. दोघांना विचारून लिहितो आहे. नावं गाळली आहेत, आडनावातलं गावही गाळलं आहे. का, ते पुढे कळेल.

आत्या : अलिबागला इस्राएल आळी, नवगावचं कबरस्तान, सागावला एलियाहूचा टापा, रेवदंडा, पेण, पनवेल. एक जागा सोडली नाहीस. आणि पुण्याला माझ्या मामेबहिणीकडे किती वेळ? दीड तास! बिचारीनं सकाळपासून नारळाचं दूध काढून ठेवलं होतं.

भाचा : ड्रायव्हर घाई करत होता, आत्या.

आत्या : पैसे तुझे, तर घाईही तुझीच.

भाचा : बरं, माझीच. पण माणसांना आपण फोनवर रोज बघतो. चहा ठेवलास की तू मला व्हिडिओ कॉल करतेस, आधण उकळलेलंसुद्धा मला दिसतं. गाव असं दिसतं का? किहीमपासून थळपर्यंत रस्त्याला दोन्हीकडे दगडी कुंपणं आणि बंद फाटकं. पाच वर्षांनी मागचा समुद्र दिसायचा नाही. मुलांना आत्ता नाही दाखवायचं तर कधी?

आत्या : आणि पाच वर्षांनी मी दिसेन का? अठ्ठ्याहत्तर झाली. त्या नवगावच्या कबरी दोन हजार वर्षं थांबल्यात म्हणता ना, त्या आणखी थांबल्या असत्या.

भाचा : असं बोललं की मला उत्तरच देता येत नाही.

आत्या : मग देऊ नकोस. तुझा एकट्याचा दोष नाही, सगळेच असे येतात. तुझे बाबा गेले, मग १९६८ ला आई-बाबा गेले, काका गेले. माझं लग्न झालं होतं, मी राहिले. आता सगळ्यांची मुलं-नातवंडं आपलं मूळ बघायला येतात, आणि मी कोण? मुक्कामाची सोय. गरम पाणी, जेवण, ओळखीचा ड्रायव्हर, आणि संध्याकाळी ‘आत्या, रेवदंड्याच्या सिनेगॉगची किल्ली कुणाकडे असते गं?’

भाच्यानं इथे मान खाली घातली, कारण किल्लीचा प्रश्न त्यानंच विचारला होता. पण आत्यांचा खरा राग किल्लीवर नव्हता.

आत्या : गाव गाव म्हणतोस, ते कुणाचं रे? तुझे आजोबा जन्मले उमरखाडीत. नोकरी जीआयपी रेल्वेत, कारकुनाची. त्यांनी घाण्याला कधी हात लावला नसेल. गाव सोडलं ते त्यांच्या वडिलांनी. मी आणि तुझे बाबा त्या उमरखाडीच्या चाळीत वाढलो. दोन खोल्या, बाहेर सामाईक नळ. आमच्या दाराच्या चौकटीला मेझूझा आणि खाली मोहरमला सरबताचे हंडे. तिथे नेलंस मुलांना?

भाचा : मांडवीच्या जुन्या मशिदीत नेलं की. ते तिथून कितीसं लांब!

आत्या : मांडवीला नेलंस कारण ते १७९६ चं आहे. चाळीला सनावळी नाही, म्हणून ती राहिली.

भाचा : चाळ पडली ना पण?

आत्या : कुणी सांगितलं? टेकू लावून उभी आहे.

मांडवीची ‘जुनी मशीद’ म्हणजे ‘शाआर हारहमीम’ हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. इंग्रजी फौजेतले सॅम्युअल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ते बांधलं. मशीद स्टेशनाचं नाव यावरूनच पडलं असं पुष्कळ जण मानतात. पाहण्यासारखी जागा आहे, यात वाद नाही. तरी उमरखाडीच्या मुद्द्यावर मी आत्यांच्या बाजूचा. हे काही फक्त इस्राएलच्या पाहुण्यांचं नाही. गिरणगावात जन्म काढलेली आपली माणसंही नातवंडांना मालवणकडचं घर दाखवायला नेतात. लालबागची दहा बाय बाराची खोली, जिथे खरं आयुष्य गेलं, ती दाखवत नाहीत. पूर्वज म्हटले की त्यांच्यामागे नारळाची झाडं लागतात. नळावरच्या भांडणांसकट ते आपल्याला चालत नाहीत.

भाचा : उमरखाडी राहिली, कबूल. पण गावात काय झालं ते तर ऐकून घे. मांडव्याला बोटीनं उतरलो, गाडी केली, विचारत विचारत गेलो. एका वाडीत विहीर दिसली आणि विहिरीशेजारी घाण्याचं दगडी उखळ. आत माती भरून कढीपत्ता लावलेला. मी वाकून त्या दगडावरून हात फिरवतोय तोवर घरातला माणूस बाहेर आला. माझ्याच वयाचा. पाणीसुद्धा विचारलं नाही. पहिला प्रश्न : ‘एजंट कोण तुमचा?’ मी म्हटलं, एजंट नाही हो, आमचे पणजोबा इथे राहायचे. तर त्याचा चेहरा आणखीच उतरला. ‘मग वकील गाडीत बसलाय का?’

आत्या : बरोबर विचारलं त्यानं. तू त्याच्या जागी असतास तर?

आत्यांचं म्हणणं कळायला अलिबागकडचा जमिनीचा बाजार माहीत हवा. मुंबईकरांच्या बंगल्यांनी तिथे गुंठ्याचा भाव कुठच्या कुठे नेऊन ठेवला आहे. जुन्या घरांच्या सातबाऱ्यावर दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या माणसांची नावं तशीच पडून असतात. कुळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि मुंबईत नोकऱ्या करणाऱ्या कितीतरी घरांच्या वाड्या, त्यांत बेने इस्राएलही आले, कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. योग्यच झालं. पण तेव्हापासून मोटारीतून उतरून ‘आमचे पणजोबा’ असं म्हणणारा माणूस दिसला की वाडीतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मूळ शोधणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, हे त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती वारस नोंद. गावाचं नाव मी गाळलं ते याच माणसासाठी. त्याला आणखी पाहुणे नकोत.

भाचा : तेवढ्यात आतून त्याची आई आली. नव्वदीची असेल, काठी टेकत. मोठ्यानं विचारलं, ‘कोण आलंय?’ त्यानं माझं आडनाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, ‘म्हणजे शनवारचे?’ पणजोबांचे धाकटे भाऊ गावातच राहिले होते ना, त्यांचं घर तिच्या लहानपणी भरलेलं होतं. तिची आई शुक्रवारी रात्री आपल्या घरी दिवाबत्तीचं बघायला जायची, कारण आपल्याला दिव्याला हात लावायचा नसे. पोर म्हणून ही पदराला धरून मागे मागे. तिला ओसरी कुठे होती ते आठवत होतं, पोहे-खोबऱ्याचा प्रसाद आठवत होता. माझ्या मुलीचा हात तिनं सोडलाच नाही. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

आत्या : आणि तो मुलगा? वकीलवाला?

भाचा : तो विरघळला. संध्याकाळी म्हणाला, पोपटी लावतो, थांबा. दोन मडकी लावली. एकात त्यांच्यासाठी कोंबडी, दुसऱ्यात नुसत्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. म्हणाला, ‘तुमच्यात कोंबडी तुमच्याच माणसानं कापलेली लागते, आई सांगते.’ खाली-वर भांबुर्डीचा पाला भरला, मडकं उपडं ठेवलं, भोवती झावळ्या पेटवल्या. मुलांनी बोटं भाजून घेत शेंगा खाल्ल्या. माझी मुलगी आजवर ‘आमचे लोक भारतातले’ एवढंच सांगायची. आता ती त्या आजीबद्दल सांगत सुटली आहे. आपल्या घरची आठवण आपल्याकडे नव्हती आत्या, ती दुसऱ्याच्या घरात जपून ठेवलेली होती.

आत्या : आपल्याकडे नव्हती? माझ्या आजीनं मला दहादा सांगितलंय, गावात शुक्रवारी शेजारची बाई दिव्याला यायची. आणि उमरखाडीत समोरच्या मुसलमानाच्या घरचा मुलगा यायचा. स्टोव्ह बंद करून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला की खिरीची वाटी घ्यायला बरोबर हजर. तू मला कधी विचारलंस?

भाचा : नाही विचारलं.

आत्या : तेच म्हणते मी.

मला वाटलं, आता हा हरला. पण त्यानं जे पुढे सांगितलं ते आत्यांनीही बहुधा या शब्दांत ऐकलेलं नव्हतं.

भाचा : का नाही विचारलं, सांगू? तू सांगितलेलं तिकडे पुरावा ठरत नाही. १९६२ मध्ये बाबा लग्न नोंदवायला तिकडच्या रब्बींच्या कचेरीत गेले. तेव्हा फतवा निघाला होता, बेने इस्राएल जोडप्याची चौकशी करा. आईची आई कोण, तिची आई कोण, जेवढं मागे जाता येईल तेवढं मागे जा, कुणी बाहेरच्याशी लग्न केलंय का ते काढा. असं खास नाव घेऊन फक्त आपल्या लोकांबद्दल. बाबा पंचविशीतले. बंदरावर हमाली करून आलेले. त्यांच्याकडे काय होतं दाखवायला? एक आडनाव आणि त्या आडनावात एक गाव, जे त्यांनी स्वतःही पाहिलेलं नव्हतं.

आत्या : पत्र आलं होतं त्याचं. ‘लग्न पुढे ढकललंय’ एवढंच लिहिलं होतं. आईला वाटलं, मुलीकडच्यांनी काही मागितलं असेल.

भाचा : १९६४ मध्ये आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये संसदेनं सांगितलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक करता येणार नाही. त्यानंतर बाबांनी लग्न केलं. कसली कटकट केली नाही पुढे, कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत. फक्त अधूनमधून म्हणायचे, एकदा जाऊन तो घाण्याचा दगड बघायला हवा. ते गेले नाहीत. मी गेलो.

आत्या : (बऱ्याच वेळानं) त्याला कोण सांगणार होतं दगड आहे म्हणून?

भाचा : आजीनंच सांगितलं असणार.

आत्या : मग तो दगड आता कुणाला दाखवणार आहेस? तिकडे आता कुणी मागत नाही. आणि इथे तर कधीच कुणी मागितला नाही. शेजाऱ्यांनी बघितलं, शनिवारी घाणा फिरत नाही. झालं. कुणी म्हटलं नाही, आईच्या आईचं नाव सांग.

या वाक्यात मोठं तथ्य आहे. बेने इस्राएल कोकणात शतकानुशतकं राहिले, आणि धर्मासाठी छळ सोसावा लागल्याची आठवण त्यांच्या परंपरेत नाही. एवढं म्हणून थांबावं असा मला मोह झाला होता. भाच्याला झाला नाही.

भाचा : इथे कुणी मागत नव्हतं? आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते, ते काय होतं? दोघांत सोयरीक नाही, पंगत नाही. गोरे म्हणायचे आमच्या आया अस्सल, काळ्यांच्या आया बाहेरच्या.

आत्या : होतं. खोटं कशाला बोलू? माझं स्थळ बघताना आईनं हळूच विचारलं होतं, ‘गोऱ्यांतलाच ना?’

भाचा : म्हणजे तिकडच्या साहेबानं बाबांना जे विचारलं, ते आपण आधी एकमेकांना विचारून झालं होतं.

आत्या : विचारलं. पण कागद नाही मागितला.

भाचा : कागद मागितला असता तर काळ्यांना निदान तो दाखवता तरी आला असता.

आत्यांनी यावर चहाचे कप गोळा केले. गावकऱ्यांनी पुरावा मागितला नाही याचं एक कारण असंही होतं की त्यांच्या लेखी ही एक जात होती, तेल्यांची, आणि जातीला आपली आपली जागा असली की कुणी कुणाच्या घरातल्या देवाची चौकशी करत नाही. ती जागा ठरलेली होती म्हणून शांतता होती. हे मी बोललो नाही. पाहुण्यांच्या घरगुती भांडणात शेजाऱ्यानं समाजशास्त्र काढू नये.

मधे थोडा वेळ जहाजावर गेला. भाच्यानं २०१६ च्या जनुकीय अभ्यासाचा दाखला दिला : बेने इस्राएलांच्या रक्तात मध्यपूर्वेकडचा ज्यू वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही भरपूर सापडतात. आत्या म्हणाल्या, भारतीय सापडायला यंत्र कशाला हवं, आरसा पुरे. मी चित्पावनांच्या परशुराम-कथेची आठवण काढली. तिथेही समुद्रातून वाहून आलेली प्रेतं आहेत, आणि किनारा साधारण तोच. हैम सॅम्युअल किहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, त्यात जहाज फुटण्याचा काळ इसवी सनापूर्वीचा धरला आहे. पुस्तक छापून निघालं मात्र १९३७ मध्ये, तेल अवीवला. तारखेचा निकाल लागण्यातला नाही आणि दोघांनाही त्यात रस नव्हता. विषय सुटला.

सागाव मात्र दोघांचं समान निघालं, आणि ते मला अनपेक्षित होतं. लोणावळ्याजवळचा नव्हे, अलिबाग तालुक्यातला जो खंडाळा आहे, त्याच्याजवळ सागावला एक खडक आहे. एलियाहू हनावी, म्हणजे संदेष्टा एलिया, इथून रथासह स्वर्गात गेला आणि खडकावर रथाच्या घोड्याच्या टापांच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, तिथे लोक जमतात आणि मलिदा करतात. धुऊन भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, मधोमध ढीग, भोवती फळं. हिब्रू प्रार्थना म्हणायची, फळांवरचे आशीर्वाद म्हणायचे, मग वाटायचं. नवस बोलायचे तेही इथेच आणि फेडायचे तेही इथेच.

आत्या : सागावला गेलास ते बरं केलंस. तिथे मीसुद्धा जाते.

भाचा : मग ते गाव नव्हे का?

आत्या : ते गाव नव्हे, ते देवाचं. माझं तिथे अजून देणं-घेणं चालू आहे. मुलाला नोकरी लागली तेव्हा मलिदा केला, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं तेव्हा केला. नवगावला माझं काय अडलंय?

भाचा : मी तिथे बायकोला काय सांगू या विचारात होतो. तिची माणसं मोरोक्कोची. मला वाटलं, दगडाला हार घालून पोहे वाटताना बघून ती म्हणणार, हे कसलं ज्यूपण? तर ती पुढे होऊन मेणबत्ती लावून मोकळी. म्हणाली, आमच्याकडे साधुपुरुषांच्या कबरीवर वर्षाला जत्रा भरते, तिथे असंच असतं. तिला काही समजवावं लागलं नाही. समजवावं लागलं ते मुलाला. तो म्हणाला, घोड्याचा खूर एवढा मोठा नसतो.

आत्या : शहाणा आहे. त्याला सांग, रथाला घोडा एलियाहूचा होता, व्हिक्टोरियाचा नव्हे.

इथे सगळे हसले आणि वाद मिटल्यासारखा झाला. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. वाडीतल्या त्या माणसानं सातबाऱ्याचा फोटो पाठवला होता आणि मागोमाग फोनच केला. बोलणं आदबीचं होतं. त्याला वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत, बँकेचं कर्ज हवं आहे. पण सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात विहिरीत चार आणे हिस्सा म्हणून एक जुनं नाव आहे आणि बँक त्यावर बोट ठेवते. नाव आत्यांच्या वडिलांचं होतं. वारसांनी तलाठ्यापुढे येऊन नाव कमी करायला हरकत नाही असा जबाब दिला तर त्याचं काम होईल. देव पावला म्हणूनच तुम्ही या वर्षी आलात, असंही म्हणाला.

भाचा : उद्याच जातो आणि सही देतो. त्याच्या मनातली भीती तरी जाईल.

आत्या : सही करायची नाही.

भाचा : आत्या! विहिरीत चार आणे. त्याचं आपण काय करणार आहोत?

आत्या : काही नाही करणार. सही करायची नाही.

भाचा : आत्तापर्यंत तू म्हणत होतीस, गाव कुणाचं, तुझं काय अडलंय.

आत्या : अडलेलं नाहीच. त्यानं पाणी खुशाल उपसावं, खोल्या बांधाव्यात, मी कोर्टात जाणार नाही. पण बाबांचं नाव या देशात दुसरं कुठे राहिलंय सांग मला. कबर तिकडे, चाळीची पावती घरमालकाच्या नावे, रेल्वेनं पेन्शनचे कागद केव्हाच रद्दीत घातले असतील. एका रकान्यात ते आहेत. ते मी माझ्या हातानं खोडू?

भाचा : आणि त्या माणसाचं कर्ज? त्यानं आपल्यासाठी वेगळं मडकं लावलं गं.

आत्या : म्हणूनच म्हणते, तू काही बोलून बसू नकोस. तुझ्या एकट्याच्या सहीनं होत नाही. वारस मीसुद्धा आहे. मला न विचारता होणार नाही.

भाचा : मग तू चल. तिथे बस, त्या म्हातारीशी बोल, सातबारा बघ, मग ठरव.

आत्या : बोट मला लागते.

भाचा : गाडीनं जाऊ.

आत्या : सही देईनच असं नाही, आधीच सांगते.

भाचा : नको देऊस. पण चल.

आत्या : आणि जाताना उमरखाडीवरून जायचं. मुलांना खाली उतरवायचं, दोन जिने चढायला लावायचे.

भाचा : उमरखाडी वाटेत कुठे येते? ठाण्याहून पनवेल, पनवेलहून पेण. ते उलट्या टोकाला.

आत्या : शिवडीहून तो नवा अटल सेतू झालाय ना? उमरखाडी करायची, सेतूवर चढायचं, पलीकडे उतरून पेणचा रस्ता धरायचा. टोल तू भर.